उलटा पीळ

आमच्या घरात वायर सोलायला कुणी चाकू घेत नसे. दात कशाला दिलेत मग? बाबांच्या पुढच्या दोन दातांमध्ये बरोबर वायर बसेल एवढी खाच पडली होती. त्या खाचेत वायर धरून मान एकदा बाजूला झटकली की वरचं प्लास्टिक निघून यायचं आणि तांब्याच्या तारा बाहेर. मी आठ-नऊ वर्षांची असताना तेच करून बघायला लागले तेव्हा आईनं पाठीत असा धपाटा घातला की वायर तोंडातच राहिली. "पोरीची जात, उद्या पाहाले आले तं दात दाखवसीन का हे असे?" ती म्हणाली. बाबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "दात राहू दे. पीळ शिक." आज माझे केस पिकले, दुकानात वायर सोलायची तीन प्रकारची अवजारं आहेत, आणि तरी घाई असली की माझा हात वायर घेऊन तोंडाकडेच जातो. घाई मला नेहमीच असते.

पीळ म्हणजे दोन वायरींची उघडी टोकं एकमेकींभोवती गुंडाळून जोड मारायची ती पद्धत. सगळे जण उजव्या हातानं मारतात, म्हणून सगळ्यांचा पीळ एकाच बाजूला फिरतो. बाबा डावखुरे. त्यांचा पीळ उलटा, आणि शेवटी ते टोक परत आत वळवून पक्कडीनं दाबायचे, म्हणजे टेपला टोचू नये. मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी भाड्यानं देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. अकोल्यातल्या तीन-चार बिछायत केंद्रांची लायटिंग बाबांकडे असायची. मांडव सोडवताना तिथली माणसं एखाद्या जोडावरची टेप काढायची आणि न विचारता सांगायची, "हा दादारावचा." मी उजव्या हाताची, पण शिकले त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं बघून. त्यामुळे माझाही पीळ उलटाच पडतो. आई बाबांच्या हट्टाला वैतागली की म्हणायची, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. ती बाबांच्या स्वभावाबद्दल बोलायची, पण लहानपणी मला वाटायचं ती वायरीबद्दलच बोलते आहे.

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर दोन प्रकारची वाळवणं असायची. एकीकडे आईच्या कुरडया आणि मुगवड्या, दुसरीकडे बाबांचे बल्ब. झिरोचे साधे बल्ब रंगाच्या डब्यात बुडवून तारेवर उलटे टांगलेले असत. लाल, हिरवे, पिवळे, निळे. त्या रंगाचा वास कुरडयांना लागतो म्हणून रोज भांडण. "माह्या कुरड्याले तुमच्या रंगाचा वास येते, पाहुणे खातीन का ह्या?" आणि बाबा म्हणायचे, "मंग माह्या बल्बाले तुह्या हिंगाचा वास येते, मी काई म्हणलो का?" दुपारी खाली कूलर सुरू व्हायचा. त्याचा पंप गुळगुळ करायचा, वाळ्याचा वास सुटायचा, आणि कढी-गोळ्यांचं जेवण झालं की घरातली सगळी माणसं त्या एका कूलरच्या तोंडापुढे आडवी व्हायची. मला मात्र दुपारी कधी झोप लागली नाही. आई म्हणायची, हिच्या पायाले भिंगरी बांधून देवानं पाठवलं.

त्या सगळ्या रंगांत बाबांचं एकाच रंगाशी वाकडं होतं, तो म्हणजे निळा. आता आमच्या वस्तीत निळा म्हणजे काय ते सांगायला नको. जयंतीची कमान बाबांकडे असायची, सलग कितीतरी वर्षं, आणि त्या कमानीवर मधोमध प्लायवूडचं मोठं चक्र. त्या चक्राला निळा उजेड पाहिजे, आणि निळा बल्ब कधी निळा पडायचाच नाही. आतला उजेड पिवळा, त्याच्यावर निळा रंग, की झालं हिरवट. बाबा दोनदा बुडवायचे, तीनदा बुडवायचे, मग उजेडच बाहेर यायचा नाही. लोक खालून म्हणायचे, मस्त झालं दादाराव. बाबा मान हलवायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, "नाई जमलं. यंदाबी हिरवंच दिसे." ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्यांनी नागपूरच्या एका व्यापाऱ्याला सांगून एलईडीची निळी झालर मागवली. आमच्या भागात कुणी तशी पाहिलेली नव्हती. सत्तर बारीक दिवे एका वायरीवर. मला हॉस्टेलवर फोन करून त्यांनी सांगितलं, "सुनी, निळा सापडला."

मी तेव्हा अमरावतीला होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच संपला होता आणि मी विजूभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लागले होते. लागले म्हणजे काउंटरवर. दुकानात पुढे काउंटर आणि मागे पडद्याआड बेंच. कॉम्प्युटर उघडायचे, जोडायचे, दुरुस्त करायचे ते सगळं बेंचवर. मी पुढे बसून पावत्या फाडायची आणि गिऱ्हाइकाला पाणी द्यायची. पडद्यामागून सोल्डरिंगच्या राळेचा वास यायचा आणि मी पुढे बसल्या जागी चुळबुळत राहायची. मागचा माणूस काम सोडून पुण्याला गेला तेव्हा मी विजूभाऊंना सरळ म्हटलं, बेंच मला द्या. ते माणूस वाईट नव्हते. पण त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. "पाहू ना वं. घाई काय हाये? नागपूरहून एक पोट्टा येऊन रायला सोमवारनंतरच्या सोमवारी. तो चांगला हाये म्हणतात." बेंच गेला तर मला काउंटरवर राहायचं नव्हतं, आणि अकोल्याला परत गेले असते तर आईनं अंगणवाडीच्या जागेचा अर्ज भरूनच ठेवला होता. अंगणवाडी वाईट नव्हे. पण मला कॉम्प्युटरच्या पोटात हात घालायचा होता, आणि ते कुणाला समजावून सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात अकोटचे गावंडे आले. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाच्या कॅसेटी आणि सीड्या जोडण्यासाठी त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यांनी कुठल्याशा मासिकात एक चित्र पाहिलं होतं. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा कापून तिथे काच बसवलेली, आणि आत निळा उजेड. "मले असाच पाहिजे," ते म्हणाले, "गिऱ्हाईक खुर्चीवर बसला की त्याले पैले हे दिसलं पाहिजे. त्याले वाटलं पाहिजे का इथं काईतरी मोठं चालू हाये. आन लगीनसराई डोक्यावर हाये, पुढच्या शनिवारच्या आत द्या." आजकाल हे हास्यास्पद वाटतं. आता माझ्याच दुकानात रंग बदलणारे पंखे तयार खोक्यात येतात, पिन खोचली की नाचायला लागतात, आणि रिमोट वेगळा. तेव्हा अमरावतीत सुटा निळा एलईडी शोधायला गेलात तर एक-दोन मिळायचे, तेही फुटक्या खेळण्यातले. विजूभाऊंनी हात वर केले. मी म्हटलं, मी करते. शनिवारच्या आत. झालं तर बेंच माझा. गावंडेंसमोर म्हटलं, म्हणून विजूभाऊंना नाही म्हणता आलं नाही. "बरं बाप्पा," ते म्हणाले, "करून दाखव."

निळे दिवे कुठे आहेत हे मला माहीत होतं. मी शनिवारी संध्याकाळची एसटी धरून अकोल्याला आले. बाबांनी झालर कपाटातून अशी काढली की जणू काचेची आहे. घरातले लाइट बंद केले, आईला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि बटण दाबलं. खरंच सांगते, तसा निळा मी तोवर पाहिला नव्हता. आईच्या हाताला पीठ होतं, ते पीठही निळं दिसलं. ती "अगं माय" एवढंच म्हणाली. मग बाबांनी मला ती झालर समजावून सांगितली, डिप्लोमा असलेल्या पोरीला. दिव्यांच्या रांगेला त्यांचा स्वतःचा शब्द होता, पंगत. "आपल्या झिरोच्या बल्बायले परतेकाले आपापलं ताट असते," ते म्हणाले. "एक उठला तरी बाकीचे जेवतात. ह्यायचं तसं नाई. सत्तर जण एकाच ताटात बसले. दोनशे तीस व्होल्टाचं जेवण सत्तर जनायनं वाटून खाचं, परतेकाच्या वाट्याले तीन. एक जरी उठला तं सारे उपाशी." मला हे पुस्तकातून येत होतं, पण इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिथेच मागितले. "बाबा, मले बारा दिवे पाह्यजेत याच्यातले." त्यांनी कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. बेंच, गावंडे, नागपूरचा पोट्टा, सगळं. ते ऐकत होते आणि झालर हळूहळू कोपराभोवती गुंडाळत होते. मग म्हणाले, "जयंती होऊ दे. मंग बारा कावून, सत्तरच्या सत्तर घेऊन जा. तुह्याच हाय." जयंती पुढच्या रविवारी होती, म्हणजे आठ दिवसांवर. गावंडेंना शनिवारच्या आत पाहिजे होता. मी म्हटलं, तवरोक उशीर होईन ना बाबा. ते म्हणाले, "झालर कापत नसतेत बाई. सांधत असतेत." हा त्यांच्या धंद्यातला नियम होता. तुटली तर जोडा, आखूड पडली तर दुसरी लावा, पण चांगली झालर कापायची नाही. विषय संपला. आईनं ताटं वाढली. आलू-वांग्याची भाजी होती, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर, आणि मला एक घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कूलरपुढे झोपले होते. मी उठले. कपाटाचं दार कुरकुरतं म्हणून वर धरून उघडलं. हे मी कशाला सजवून सांगू? चोरीच केली. शेपटाकडचे दिवे कापले असते तर लगेच कळलं असतं, म्हणून मधले बारा कापले. उरलेली दोन टोकं दातानं सोलली, पीळ मारला, टोक आत वळवून पक्कडीनं दाबलं, काळी टेप लावली. सुबक जोड झाला. मग झालर चालते का बघायला मी आतल्या खोलीत गोधडीत डोकं घालून तिची पिन लावली. लागली! उलट कालच्यापेक्षा जरा जास्तच चांगली दिसली. मला वाटलं, गोधडीत अंधार आहे म्हणून. डिप्लोमा होता माझ्याकडे, पहिल्या वर्गाचा, आणि मला वाटलं गोधडीत अंधार आहे म्हणून. चारच्या एसटीनं मी अमरावतीला निघाले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा उतरून मी दोन गिलास उसाचा रस प्याले, तहान जातच नव्हती.

सोमवारी मी पहिल्यांदा पडद्यामागे बसले. गावंडेंच्या कॅबिनेटचा पत्रा एका वेल्डिंगवाल्याकडून कापून आणला होता आणि नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून त्याला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी बसवली होती. आता दिवे. कॉम्प्युटरला वीज देणारा जो डबा असतो त्यातून वायरींचे गुच्छ निघतात, प्रत्येकात एक पिवळी, एक लाल, दोन काळ्या. माझा हात सरळ लालकडे गेला. घरात जन्मापासून ऐकलेलं, लाल ती गरम, काळी ती थंडी. काही लागलं नाही. मग आठवलं, कॉम्प्युटरमध्ये लाल म्हणजे फक्त पाच व्होल्ट, बाराची वायर पिवळी. पिवळीला जोडलं. तरी मिट्ट अंधार. मी दिवे उलटे करून पाहिले, जोड पाहिले, विजूभाऊ दोनदा पडदा सारून डोकावले. "काय वं, जमते ना?" मी म्हणायची, हाव भाऊ, जमते, आणि घाम पुसायची. दोन दिवस असे गेले. बुधवारी हॉस्टेलच्या मेसमध्ये पंगतीत बसले होते, वाढणारी बाई पोळ्या वाढत आली आणि तिची टोपली आमच्यापर्यंत येईतो रिकामी झाली. मी ताट तसंच सोडून उठले. बारा जण, एकेकाला तीन, म्हणजे छत्तीस व्होल्ट पाहिजेत, आणि डब्यात आहेत बारा. एका पंगतीला बारा बसवून कसं चालेल? तीन-तीनच बसवायचे! चार पंगती, तीन-तीन दिव्यांच्या, आणि उरलेलं जास्तीचं खायला प्रत्येक पंगतीला एक छोटा रेझिस्टर. दुकानात येऊन मी ते तोडले, नव्याने जोडले, कॅबिनेटच्या आतल्या कडेनं शिलाईच्या दोऱ्यानं बांधत नेले, पंख्याच्या पात्यात वायर जाणार नाही हे तीनदा पाहिलं. बटण दाबलं. कॉम्प्युटर टिक असा वाजला, पंखा फिरला, आणि त्या पत्र्याच्या पेटीत आमच्या घरचा निळा उजेड पडला.

गावंडे शुक्रवारी आले आणि खिडकीपुढे उकिडवेच बसले. "अबे, विजू, हे तं इथं लगन लागून रायलं," ते म्हणाले. विजूभाऊंनी त्यांच्यादेखत मला बेंचची किल्ली दिली. ड्रॉवरची साधी किल्ली होती, पण मी ती गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आणि रविवारी ती घालूनच जयंतीला अकोल्याला गेले. सबंध रस्ता मी ती बोटांनी चाचपत होते. बारा दिवे किती ते! दोन हातभर झालर आखूड झाली असेल, एवढाच मनात हिशेब.

बाबा दुपारपासून कमानीवर होते. लहानपणापासून शिडी धरायला मीच, म्हणून गेले. ते चक्राच्या कडेनं झालर बांधत होते आणि शेवटी खाली दोन हातभर जागा उरली. त्यांनी परत ओढून पाहिली, सैल करून पाहिली. "मोजली तवा पुरली होती वं," ते वरून म्हणाले. मी शिडीचे दांडे घट्ट धरले. मग तेच म्हणाले, "माह्याच मोजण्यात चुकलं. वय झालं आता." आणि उरलेल्या जागेवर त्यांनी झेंडूची माळ बांधून टाकली. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर खुर्च्या लागत होत्या, कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं, बाया पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला जमत होत्या, आणि मी गिळून टाकलं.

अंधार पडला, बाबांनी बटण दाबलं, आणि अख्ख्या वस्तीनं एकदम "आऽ" केलं. चक्र असं काही पेटलं की खाली उभ्या माणसांचे पांढरे कपडे निळे झाले. आमच्या समितीचे अध्यक्ष शेषरावकाका बाबांना मिठी मारायला आले. "दादाराव, यंदा निळा आला रे बाबा!" म्हणाले. बाबा नुसते वर बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही वर बघत होते आणि मला ते चक्र जास्त, फार जास्त उजळ वाटत होतं. आणि त्या क्षणी, इतक्या उशिरा, माझ्या टाळक्यात उजेड पडला. पंगतीतून बारा उठवले मी. पण जेवण तेवढंच येतंय. उठलेल्यांचं ताट कोण खातंय? उरलेले अठ्ठावन खाऊन राहिले, पोट फुटेस्तोवर. अमरावतीत मी बारा जणांच्या वाट्याचं गणित दोन दिवस डोकं फोडून सोडवलं आणि घरी मागे राहिलेल्या अठ्ठावनांचं मला एकदाही सुचलं नाही. मी बाबांकडे धावले, "बाबा, बंद करा" म्हणायला, पण ते माणसांच्या गराड्यात होते. अर्धा तास झाला असेल नसेल. मिरवणूक शेवटच्या वळणावर आली, बँड ऐकू येऊ लागला, आणि चक्र एकदा फडफडून विझलं.

त्यानंतरची गडबड मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. कुणी म्हणालं फ्यूज गेला, कुणी म्हणालं लाइनच कमी आहे. बाबा टेस्टर तोंडात धरून शिडीवर चढले, मी खाली शिडी धरली. ते झालर हातानं चाचपत चक्राच्या कडेनं जात होते, एकेक वीत. मग थांबले. मला खालून दिसलं, त्यांनी टेप सोलली. खिशातली बॅटरी लावून ते त्या जोडाकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले, बँड जवळ येत होता तरी. मग त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी टेप परत लावली आणि वरूनच ओरडले, "झिरोच्या माळा आना रे, बुडवलेल्या, निळ्या, पोत्यात हायेत!" मिरवणूक कमानीत शिरली तेव्हा चक्राला दरवर्षीचा हिरवट उजेड होता. खाली उतरल्यावर शेषरावकाका म्हणाले, "जाऊ दे दादाराव, चायनाचा माल, टिकते का तो!" आणि बाबा म्हणाले, "माल चांगला होता काका. जोड माहा चुकला." सगळ्यांसमोर म्हणाले. मी तरीही शिडी धरूनच उभी होते. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "अवं, उतरला तुहा बाप, सोड आता."

घरी आल्यावर मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. ते जेवले, हात धुतले आणि झोपले. सकाळी मला स्टँडवर सोडायला आले, कच्च्या चिवड्याची पुडी घेऊन दिली आणि विचारलं, "बेंच भेटला ना?" मी हो म्हटलं. "मंग मन लावून कर," म्हणाले. मी गळ्यातली किल्ली कुडत्याच्या आत सरकवली. पुढच्या वर्षी समितीनं कमान दुसऱ्याला दिली. अपमान करून नाही, गोडीनंच, "तुमाले आराम पाह्यजे दादाराव" म्हणून. बाबा त्या वर्षी पांढरा शर्ट घालून, हात मागे बांधून, दुसऱ्याची कमान बघायला उभे होते. त्या कमानीला निळ्या झालरी होत्या, पन्नासेक तरी. त्यांच्या हाती कमान पुन्हा कधी आली नाही. आणि मी बेंचवर बसले ते आजतागायत; पुढे दुकानही मीच घेतलं. लोक विचारतात, ताई, एवढ्या वर्षांत कंटाळा नाही आला? काय सांगू त्यांना? त्या बेंचवर मी कधी स्वस्थ बसलेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई-बाबा आता माझ्याकडेच असतात, अमरावतीला. डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्यांना कुठे जायचंय विचारलं तर म्हणाले, दुकानात ने. मी त्यांना बेंचवर बसवलं. समोर एका कॉलेजच्या पोराचं कॅबिनेट उघडं होतं, सहा पंखे, सगळे दिव्यांचे. मी चालू केलं. बाबांनी ते बघितलं, रंग बदलत होते, आणि निळा आला तेव्हा म्हणाले, "याले थांबव." मी रिमोटनं थांबवला. आम्ही दोघं त्या निळ्याकडे बघत बसलो आणि मला राहवलं नाही. इतकी वर्षं आतून कुरतडत होतं ते भडाभडा बाहेर आलं. "बाबा, ते झालर मी कापली होती. कमानीची. मधले बारा मी काढले होते."

"हाव," बाबा म्हणाले. डोळे पंख्यावरच होते. "पीळ माहा होता. पण मी तं मारला नोता. मंग दुसरा कोन मारते उलटा?" मग म्हणाले, "जोड झकास होता. पण बारा कमी केले तं त्यायच्या जागी रेझिस्टर टाकाचा होता ना बाई. डिप्लोमा कायले केला मंग?"

मला रडू येत होतं आणि हसू येत होतं. "तुमाले तवाच समजलं होतं," मी म्हटलं. "मंग बोलले कावून नाई? माह्यापायी तुमची कमान गेली."

"वर होतो तवा बोललो असतो तं तू शिडी सोडून पळाली असती," ते म्हणाले. "मी उतरलो कसा असतो?"

"आन खाली उतरल्यावर?"

बाबांनी आता माझ्याकडे पाहिलं, नव्या डोळ्यांनी. "खाली उतरलो," ते म्हणाले, "तं तू अजून शिडी धरूनच उभी होती. सोडतच नोती. मंग काय बोलाचं?"